चिंगीचे दोन चौकोन : फेंटानिल पॅचचा एक प्रकरण अभ्यास

पेशंटचं नाव चिंगी, पण वजन 24 किलो. मिश्र जातीची कुत्री, वय 9 वर्षं, नसबंदी झालेली. उजव्या पुढच्या पायाने लंगडत आली. एक्स-रेत मनगटाच्या वरचं हाड वाळवी लागल्यासारखं दिसत होतं आणि तपासणीत ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग निघाला. छातीचे एक्स-रे स्वच्छ होते. खांद्याच्या फऱ्यासकट पाय काढायचं ठरलं.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली, त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. हे टिपण तिच्या अंगावर लावलेल्या दोन पॅचेसबद्दल आहे. मी इथली नर्स. पहिला पॅच मीच लावला होता आणि तो नीट लावला नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

ठरलं काय होतं

फेंटानिल हे मॉर्फिनच्या जातीचं जोरदार वेदनाशामक. त्याचे पॅच माणसांसाठी बनलेले आहेत. प्राण्यांमध्ये ते पशुवैद्यकाच्या जबाबदारीवर, मूळ परवान्याबाहेर वापरले जातात. पाकिटावर 12, 25, 50, 75, 100 असे आकडे असतात, ते मायक्रोग्रॅम दर तासाला. नवीन मुलं हे मिलिग्रॅम समजतात, म्हणून मी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेते. कुत्र्यासाठी साधारण हिशोब किलोमागे तासाला 2 ते 4 मायक्रोग्रॅम. 24 किलोसाठी आमच्या डॉक्टर मॅडमनी 75 चा पॅच लिहिला.

दुसरा हिशोब वेळेचा, आणि तोच जास्त चुकतो. पॅच चिकटवला की औषध आधी कातडीच्या वरच्या थरात मुरतं, तिथे साठतं आणि मग हळूहळू रक्तात उतरतं. कुत्र्यात उपयोगी पातळी यायला 12 ते 24 तास लागतात. मांजरात हे लवकर होतं, साधारण 6 ते 12 तासांत. एकदा पातळी आली की कुत्र्यात पॅच तीन दिवसांपर्यंत साथ देतो. म्हणून पॅच आदल्या संध्याकाळी लावायचा असतो. चिंगीला सोमवारी संध्याकाळी आणायचं ठरलं होतं. घरच्यांना जमलं नाही, ती मंगळवारी सकाळी पावणेआठला आली. पॅच आठला लागला आणि साडेदहाला तिला टेबलवर घेतलं.

म्हणजे मंगळवारचा पूर्ण दिवस आणि रात्रीचा काही भाग पॅचचा तिला काहीच उपयोग नव्हता. तेवढ्या काळासाठी मध्ये पूल हवा होता. तो होताही: सूज आणि वेदना कमी करणारं मेलोक्सिकॅम, पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याभोवती ब्युपिव्हाकेनचा ब्लॉक, म्हणजे बधिर करणारं इंजेक्शन, शिरेतून केटामाइनचं हळू इन्फ्युजन आणि नंतर मॉर्फिनची इंजेक्शनं. केसपेपरवर मॉर्फिनपुढे लिहिलं होतं, ‘दर 4 तासांनी, गरजेनुसार’. त्यातला ‘गरजेनुसार’ हा शब्द पुढे महागात पडला.

मंगळवार, रात्री सव्वानऊ

त्या आठवड्यात माझी सकाळची शिफ्ट होती आणि रात्री फोनवर ड्यूटी. धाकट्या नर्सचा फोन आला.

“ताई, चिंगी सारखी कण्हतेय. डिस्फोरिया असेल का? पॅच तर लावलेला आहे.”

“मॉर्फिन शेवटचं कधी दिलंस?”

“दोन वाजता तुम्हीच दिलंत. नंतर गरज नाही वाटली, पॅच आहे ना.”

दुपारी चारला हँडओव्हर देताना मी सांगितलं होतं, “75 चा पॅच आहे, सकाळी लावलाय.” कधी लावला ते बोलले. तो कधीपासून काम करेल ते बोलले नाही. तिने ऐकलं ते एवढंच, की दुखण्याची सोय झालेली आहे. तिला दोष देता येत नाही. पॅच डोळ्याला दिसतो, इंजेक्शन दिल्यावर दिसत नाही. दिसणाऱ्या वस्तूवर माणूस विसंबतो.

मी पोचले तेव्हा चिंगी बसून होती, पडायला तयार नव्हती, धापा टाकत होती. ग्लासगोच्या लघु वेदनामापनात चालण्याचा भाग सोडून तिचे 20 पैकी 11 गुण आले. तिथे 5 पासून वेदनाशामक द्यावं असं धरतात. पाच वाजताचा गुण 4 होता. ब्लॉक तेव्हा उतरत आला असणार, आणि त्यानंतर कुणी मोजलंच नव्हतं.

डिस्फोरियाचा प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिन-फेंटानिलच्या जातीचं औषध, दिलेला कुत्रा कधीकधी वेदना नसतानाही भ्रमात असल्यासारखा ओरडतो, आणि त्या वेळी आणखी ओपिऑइड दिलं तर तो जास्त बिघडतो. ओळखायचं कसं? मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले, नावाने हाक मारली. तिने मान वळवली, शेपटीचं टोक हललं, हात चाटला. जखमेपासून चार बोटं लांब हलकं दाबलं तर गप्कन मागे वळून माझ्या मनगटाला तोंड लावलं, चावली नाही. डिस्फोरियातला कुत्रा असा भानावर नसतो. त्याला हाक पोचत नाही, आणि जखमेला हात लावल्याने त्याच्या ओरडण्यात फरक पडत नाही. शिवाय साडेसात तास मॉर्फिन न मिळालेल्या, पॅचही अजून नीट न चढलेल्या कुत्रीला ओपिऑइडचा भ्रम होईलच कसा? फोनवरच हा हिशोब केला असता तर तिथे बसून पाच मिनिटं घालवावी लागली नसती. पण खात्री करून घेतलेली बरी.

मॅडमना फोन करून मॉर्फिन 0.3 मिलिग्रॅम प्रति किलो स्नायूत दिलं. अर्ध्या तासाने गुण 4, आणि ती डाव्या कुशीवर टेकली.

पॅच पाहिला तेव्हा

मग मी पॅचवरची पट्टी उघडली. डाव्या बरगड्यांवर लावलेल्या पॅचचा पुढचा जवळजवळ अर्धा भाग सुटून वर आला होता, आणि खाली केसांचे बारीक खुंट दिसत होते.

सकाळी काय झालं ते मला लख्ख आठवत होतं. चिंगी उशिरा आलेली, खाली ऑपरेशनची तयारी चाललेली. मी क्लिपर एकदाच फिरवला, सवयीने स्पिरिटचा बोळा फिरवला, पॅच लावून थोपटला आणि पट्टी बांधली. त्यात तीन चुका होत्या.

केस कातडीलगत कापायला हवेत, पण कातडी खरचटू द्यायची नाही, कारण खरचटलेल्या जागेतून औषध वेगाने शिरतं. म्हणून वस्तरा नाही, क्लिपरच, आणि तो घाई न करता. स्पिरिट किंवा साबण लावायचा नाही. दोन्हींनी कातडीवरचा तेलकट थर जातो, औषध किती शिरेल त्याचा अंदाज राहत नाही, आणि ओल राहिली तर पॅच चिकटतही नाही. नुसतं पाणी, मग पूर्ण कोरडं करणं. आणि लावल्यावर तळवा ठेवून निदान एक मिनिट दाबून धरायचं. मी दोन-तीन मिनिटं धरते, आता. हाताच्या ऊबेने गोंद बसतो. थोपटण्याने काही होत नाही.

सुटलेली कड नुसती चिकटपट्टीने दाबून चाललं असतं का? कड थोडी उचलली असेल तर चालतं. पण इथे अर्ध्या भागाखाली हवा होती, म्हणजे 75 चा पॅच प्रत्यक्षात किती देतोय ते सांगता येत नव्हतं. तसंही नीट लावलेल्या पॅचबद्दल आकडा खात्रीने सांगता येत नाही. कुत्र्यांवरच्या एका अभ्यासात 50 च्या पॅचमधून तासाला कमीत कमी 13.7 आणि जास्तीत जास्त 49.8 मायक्रोग्रॅम मिळाले होते. पॅच तोच, कुत्रे वेगळे. मांजरांत तर 25 च्या पॅचमधून सरासरी एक तृतीयांशच्या आसपास मिळाल्याचं दिसलं आहे. पाकिटावरचा आकडा पॅचच्या क्षमतेचा आहे, जनावराला मिळालेल्या औषधाचा नाही.

मॅडमनी तो काढून नवीन लावायला सांगितला. हातमोजे घालून काढला, चिकट बाजू आत करून दुमडला, नियंत्रित औषधांच्या कचऱ्यात टाकला. रजिस्टरमध्ये दोघींनी सह्या केल्या: एक काढला, एक लावला. फेंटानिल मॉर्फिनपेक्षा 75 ते 100 पट जोरदार, आणि वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरलेलं असतं. त्यामुळे जुना पॅच हा नव्याइतकाच मोजायचा असतो. हात नुसत्या पाण्याने धुतले. इथेही साबण नाही, कारण बोटाला औषध लागलेलं असेल तर साबणाने ते आत जायला मदत होते.

नवीन पॅच मानेच्या वरच्या बाजूला, खांद्यांच्या मध्ये लावला. तिथे तोंड पोचत नाही. या वेळी क्लिपर दोनदा फिरला आणि तळवा घड्याळ बघून तीन मिनिटं दाबला. वेळ रात्रीचे 10:30. तिथून 12 ते 24 तासांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू.

धाकटीने विचारलं, “ताई, मग टाक्यांशेजारी लिडोकेनचा पॅच का नाही लावत? तो कापताही येतो म्हणे.” प्रश्न चांगला होता. लिडोकेनचा पॅच जिथे लावला तिथलीच कातडी बधिर करतो, रक्तात अगदी थोडं उतरतं. जखमेच्या कडेला तो जोडीला चालतो. पण फऱ्यासकट काढलेल्या पायाचं दुखणं त्याने भागत नाही. आणि कापण्याची सवय फेंटानिलला लावायची नाही. काही फेंटानिल पॅचमध्ये औषध पातळ जेलच्या पिशवीत असतं. तो कापला की सगळं एकदम बाहेर. लहान मांजराला अर्धी मात्रा हवी असेल तर पॅच कापत नाहीत, अर्ध्या भागावरचा कागद तसाच ठेवून लावतात.

बुधवार : उलट्या दिशेची चूक

मंगळवारच्या प्रकारानंतर मॅडमनी ‘गरजेनुसार’ खोडून ‘दर 4 तासांनी, न चुकता’ असं लिहिलं. त्या रात्रीसाठी ते बरोबरच होतं. रात्री दोन, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, अशी मॉर्फिनची पाच इंजेक्शनं वेळेवर गेली. चिंगी दुपारी तीन पायांवर उभी राहिली, पिशवीतलं मऊ खाणं खाल्लं. दोनचा गुण 3. सहाच्या इंजेक्शनआधी कुणी गुण घेतला नव्हता. कागदावर ‘न चुकता’ लिहिलेलं होतं ना.

आठ वाजता राउंडला गेले तर ती गाढ झोपली होती. फारच गाढ. श्वास मिनिटाला 7, नाडी 54, बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन 92, गुदद्वारातलं तापमान 39.6.

तापमानाचा आकडा बघून थबकले. दुपारी अंग पुसल्यावर ती 37.2, म्हणजे कुत्र्याच्या मानाने थंड होती म्हणून कुणीतरी गरम पॅड दिला होता. तो पिंजऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि चिंगी त्याला पाठ लावून गुंडाळी करून झोपलेली. मानेवरचा पॅच नेमका गरम पॅडवर.

उष्णतेने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो आणि पॅचमधून औषध जास्त वेगाने येतं. माणसांसाठीच्या औषधपत्रकात तर असं म्हटलेलं आहे की शरीराचं तापमान 40 अंशांवर गेलं तर रक्तातली पातळी साधारण एक तृतीयांशाने वाढू शकते. पॅचवर थेट गरम वस्तू असेल तर आणखी वेगळी गोष्ट. याची उलटही खरी आहे: भुलेत थंड पडलेल्या जनावरात पॅच कमी देतो. त्यातून पॅच लावून साडेएकवीस तास झाले होते, म्हणजे तो नुकताच पूर्ण जोरात आलेला. वर सहाचं मॉर्फिन. तीन गोष्टी एकाच वेळी एकमेकींवर चढल्या.

पॅड काढला. मोठ्याने हाक मारली, कानाला चोळलं. तिने डोळे उघडले, मान उचलली, श्वास 12 वर आला. मास्क नाकाशी धरून ऑक्सिजन सुरू केला, 97 झाला. मॅडम येईपर्यंत नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडवरचा उतारा, काढून ठेवलं: 0.4 मिलिग्रॅमचं ॲम्प्यूल 10 मिलिलिटर सलाईनमध्ये, म्हणजे एक-एक मिलिलिटर करून शिरेतून देता येतं आणि श्वास सुधारला की थांबता येतं. एकदम सगळं दिलं तर वेदनाशमनही एका झटक्यात जातं आणि कापलेल्या पायाचं दुखणं घेऊन जनावर जागं होतं. शिवाय नॅलोक्सोनचा असर तासाभरात ओसरतो, पॅच मात्र देतच राहतो. त्यामुळे एकदा देऊन निर्धास्त होता येत नाही.

मॅडमनी मॉर्फिन बंद केलं, नॅलोक्सोन पिंजऱ्याला चिकटवून ठेवायला सांगितलं, पॅच मात्र ठेवला. मी असते तर काढला असता, हे मी त्यांना तिथेच बोलले. त्यांचं म्हणणं, “आता काढलास तरी कातडीत मुरलेलं औषध काही तास येतच राहणार. आत्ताच्या श्वासावर फरक पडणार नाही, आणि पहाटे ती दुखण्याने उठेल.” ती हाकेला उठत होती आणि उष्णता दूर झाली होती, म्हणून त्यांचा निर्णय टिकला. उठत नसती तर पॅच आधी गेला असता, याबद्दल आमच्यात वाद नव्हता.

पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी मोजलं. साडेदहाला श्वास 16, नाडी 76, तापमान 38.7. नॅलोक्सोन वापरावं लागलं नाही. रात्री साडेअकराला मूत्राशय चाचपलं तर घट्ट भरलेलं. ओपिऑइडने लघवी तुंबते, आणि गुंगीतलं तीन पायांचं जनावर स्वतः उठून जात नाही. पोटाखाली टॉवेलचा झोका करून बाहेर नेलं, तिने बराच वेळ केली.

मंगळवारी आम्ही पॅचवर विसंबलो आणि बुधवारी लिहिलेल्या वेळापत्रकावर. दोन्ही वेळा कुत्री समोर होती. दोन्ही वेळा तिला मोजलं नव्हतं.

घरी पाठवताना

गुरुवारी गुण 2, भूक चांगली. घरच्यांना तिला न्यायची घाई होती आणि पॅच शुक्रवारी रात्रीपर्यंत चालला असता. मी विचारलं, घरी कोण कोण आहे? दोन वर्षांची नात आहे, आणि ती दिवसभर चिंगीच्या अंगावर लोळत असते.

इथे मी थांबले. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2012 मध्ये फेंटानिल पॅचबद्दल इशारा दिला होता. त्यात 15 वर्षांतल्या अपघाती संपर्काच्या 26 घटनांपैकी 16 घटना दोन वर्षं किंवा त्याहून लहान मुलांच्या होत्या, आणि 26 पैकी 10 जणांचा मृत्यू झाला होता. पडलेला पॅच लहान मूल अंगावर चिकटवतं, तोंडात घालतं. कुत्र्याने चाटून काढलेला पॅच जमिनीवर पडला तर तो पहिला कुणाला सापडणार हे वेगळं सांगायला नको. अशा घरात पॅच लावलेलं जनावर पाठवायचं नाही, हे माझं मत. सूचनांचा कागद कितीही चांगला असला तरी.

आजोबांना ते पटायला वेळ लागला. “सिस्टर, काढल्यावर तिला दुखणार नाही ना?”

“म्हणूनच आज काढून रात्रभर इथे ठेवतो, काका. दुखलं तर आमच्यासमोर दुखेल.”

मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन सकाळीच सुरू झालं होतं, मेलोक्सिकॅम चालूच. संध्याकाळी सहाला पॅच काढला, दुमडला, रजिस्टरमध्ये दोन सह्या. रात्रभर दर चार तासांनी गुण. आता ती चालत होती म्हणून 24 पैकी, आणि मर्यादा 6. सर्वांत जास्त 3 आला. शुक्रवारी सकाळी ती घरी गेली. शौचाला रविवारी झाली असं त्यांनी फोनवर कळवलं. मी ते आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर शनिवारीच घाबरून आले असते.

आमच्या केसपेपरवर आता पॅचसाठी तीन रकाने आहेत: लावल्याची वेळ, काम सुरू होण्याची अपेक्षित वेळ, आणि दर शिफ्टला ‘चारही कडा पाहिल्या’. पॅचशेजारच्या पट्टीवर मार्करने ‘इथे गरम काही नको’ असं लिहितो. ‘गरजेनुसार’ आणि ‘न चुकता’ दोन्ही गेले. त्यांच्या जागी ‘गुण घेऊन’ आलं.

बाराव्या दिवशी टाके काढायला चिंगी स्वतः चालत आली, वळताना थोडी घसरत. उजवीकडची जखम छान भरली होती. डाव्या बरगड्यांवर आणि मानेवर केस उगवू लागलेले दोन चौकोन. आजोबांनी विचारलं, “ऑपरेशन या बाजूला, मग हे दोन कशाचे?”

“मानेवरचा पॅचचा,” मी म्हणाले. “बरगडीवरचाही पॅचचाच. तो मी नीट चिकटवला नव्हता.”